सोळा महिन्यांची नर्स

इथे अमेरिकेत रात्री तीनला माझा ब्रेक असतो. तेव्हा नागपुरात दुपारचे दीड वाजलेले असतात आणि रविवार असला की जेवणं आटोपून आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप रंगात आलेला असतो. मागच्या रविवारी डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून फोन उघडला, तर त्रेपन्न मेसेज. विषय माझी पुतणी. पोरीनं बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी केलं, बुटीबोरीला एका कंपनीच्या लॅबमध्ये दोन वर्षं काढली आणि आता तिला नर्सिंग करायचंय. तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या चुलतभावानं, दादानं, लिहिलं होतं, "डिग्री हातात असताना सिस्टर कायले व्हायचं? एम.एस्सी. कर म्हणा." कोणीतरी म्हणालं, अमेरिकेत पदवीवाल्यांना वर्ष-दीड वर्षात नर्स होता येतं, आपल्याकडेही तसं निघालं तर पोरीची वर्षं वाचतील. त्यावर दादाचं उत्तर आलं: "वर्षभरात तयार केलेल्या नर्सच्या हाती मी तरी माझा पेशंट देणार नाही. तिकडचं तिकडे."

खाली अकरा अंगठे. मी डबा न खाताच वॉर्डात परत गेले. वाक्य काही डोक्यातून जाईना.

दादा महिने मोजतो. मीही आधी तेवढेच मोजले होते. पदवीवाल्यांसाठी नर्सिंगचा असा अभ्यासक्रम सेंट लुईस विद्यापीठानं १९७१ साली पहिल्यांदा काढला. आज तो अमेरिकेत ठिकठिकाणी आहे आणि साधारण ११ ते १८ महिन्यांत संपतो. पण त्या दारापर्यंत पोचायला किती चालावं लागतं, ते कोणी सांगत नाही. माझं बी.कॉम. तीन वर्षांचं. इथली अनेक कॉलेजं ते चार वर्षांच्या पदवीबरोबरीचं धरत नाहीत, त्यामुळे एम.कॉम.ची दोन वर्षं कामी आली. शिवाय ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स हे सगळं आधी करून मगच अर्ज. डेबिट-क्रेडिट शिकलेल्या बाईनं पस्तिशीत कम्युनिटी कॉलेजात मेंढीचं हृदय कापलं. त्यातच दोन वर्षं गेली. मग जानेवारी २०२३ ते मे २०२४, सोळा महिने, उन्हाळ्याची सुट्टी नाही. आठवड्यातले दोन दिवस बारा-बारा तासांची क्लिनिकल्स, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष काम, पहाटे सव्वापाचला काचेवरचा बर्फ खरवडून निघायचं. शेवटी एन्क्लेक्स, नर्सच्या परवान्याची परीक्षा. ती परीक्षा ८५ प्रश्नांवर बंद पडू शकते, नाहीतर १५० पर्यंत ओढत नेते. माझा स्क्रीन ८५ व्या प्रश्नाला काळा झाला आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून हमसाहमशी रडले. मग कोणत्या हिशेबानं ही "वर्षभरातली नर्स"?

आता पुतणीचं बघा. तिला बी.एस्सी. नर्सिंगला जायचं तर नियम बारावीचे गुण विचारतो, पदवी नाही. सीईटी द्यायची आणि अठरा वर्षांच्या पोरींबरोबर पहिल्या सेमिस्टरला बसायचं. एकूण आठ सेमिस्टर. तिसऱ्यात तिच्यासमोर अप्लाइड मायक्रोबायॉलॉजी येईल, जो विषय ती तीन वर्षं शिकली आणि दोन वर्षं पगारावर करत होती. तिथेही तिला सूट नाही. आधीचं शिक्षण मोजायचं नाही असं तत्त्व असेल तर तेही एक समजलं असतं. पण जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या सिस्टरना पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून दोन वर्षांत पदवी मिळतेच. डिप्लोमावाला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. आणि दादा, तू स्वतः वकील. बारावीनंतर वकिली पाच वर्षांची, पदवीनंतर तीन. तू बी.ए. करून तीन वर्षांत काळा कोट घातलास. तुझ्या अशिलांनी कधी म्हटलं का, की पाच वर्षंवाला आणा, हा कच्चा आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की खाटेजवळचे तास एकाही मिनिटानं कमी करू नका. सलाईन लावायला, जखम बघायला, बाळंतिणीजवळ उभं राहायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू द्या. फक्त जे येतं ते परत शिकायला लावू नका. दोन, फार तर अडीच वर्षांत हे बसतं. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नर्सिंग आयोगाचा नवा कायदा आला आहे. हे बदलायचं तर आताच बदलता येईल.

पण दादाच्या वाक्यात खरी अडचण महिन्यांची नाहीच. चार वर्षांची नर्स झाली असती तरी त्यानं "सिस्टर कायले" हेच विचारलं असतं. तो शब्द आमच्या घरात कसा उच्चारतात ते मला ठाऊक आहे. मी त्याच घरात वाढले. भांडं द्यायचं, घाण काढायची, परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, ते आपल्यातल्या पोरीचं काम नाही. "आपल्यातल्या" म्हणजे कोणातल्या, हे मोठ्यानं कोणी बोलत नाही. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना गेल्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उघडून विधवांना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट करून दिली. जयंतीला आम्ही फोटो फॉरवर्ड करतो आणि दुपारी पुतणीला समजावतो की लॅब बरी, एसी तरी असतो.

इथे मला कोणी असं विचारत नाही. माझ्या वर्गात एक जण आधी शाळेत गणित शिकवायचा, एक बाई बँकेत होती, दोघांचाही कुठे खाली उतरल्यासारखा चेहरा नव्हता. रात्री माझ्याकडे पाच पेशंट. डॉक्टरांना फोन करून "हा डोस मला बरोबर वाटत नाही" म्हणायचा मला हक्क आहे आणि मी म्हणते. हे नागपुरात व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मात्र इथे या कामाचा पगार चांगला आहे. माझ्या धीरातला किती माझा आणि किती त्या पगाराचा, ते मला ठरवता येत नाही.

मागच्या वर्षी डिसेंबरमध्ये बाबा घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. मी पोचले तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. धंतोलीतल्या त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. रात्री सगळ्या मजल्याला एकच सिस्टर होती. पन्नाशीच्या पुढची, जी.एन.एम., स्वेटरवर शाल. दोन वाजता आली, म्हणाली, "काका, या कुशीवर होऊ बरं." गुडघ्यांमध्ये उशी सारली, चादरीला धरून त्यांना एका झोक्यात वळवलं, आणि जाता जाता टाचेवर अंगठा दाबून बघितलं. दाबल्यावर टाच पांढरी पडते का, सोडल्यावर लाली परत येते का. कोणी बघत नव्हतं, कुठे लिहायचंही नव्हतं. टाच बघून तिनं बाबांच्या पोटरीखाली एक टॉवेल गुंडाळून ठेवला, टाच अधांतरी राहील असा. मला हेच शिकायला सिम लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या लॅबमध्ये, रबरी पाय दिला होता.

मी उठून टॉवेलची घडी सारखी केली. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही तिकडे काय करता?"

मी म्हटलं, "हेल्थकेअरमध्ये आहे."

दादा शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याला आणि घराण्यातल्या सगळ्यांना वाटतं की मी कोलंबसच्या एका हॉस्पिटलात हिशेब बघते. आईनं २०२४ मध्ये तसं सांगून टाकलं. "एम.कॉम. आहे ना ती, ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये असते." आई खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. मी तिला दुरुस्त केलं नाही. त्या सिस्टरसमोर तरी खरं बोलायला काय झालं होतं? ती माझीच होती, त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त. आणि मी तिच्यासमोर दादाची बहीण होऊन उभी राहिले.

फक्त पुतणीला माहीत आहे. एकदा ब्रेकमध्ये तिचा व्हिडिओ कॉल घेतला, तेव्हा तिनं स्क्रब्स बघितले आणि गळ्यातला बॅज वाचला. ओरडलीच, "आत्या, तू आर.एन. आहेस! रजिस्टर्ड नर्स!" तिथून तिच्या डोक्यात हे बसलं. म्हणजे ग्रुपवरच्या त्या त्रेपन्न मेसेजांमागे मीच आहे. त्या रविवारी तिनं ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही, माझं नाव काढलं नाही. मला एकटीला एक ओळ पाठवली. "आत्या, बाबांना तू सांगशील का?"

पाच दिवस मी उत्तर दिलं नाही. नागपुरात असते तर मी हा कोर्स केला असता का? नसता केला. तिथे दोन वर्षांचा मार्ग असता तरीही नसता केला. मला आठ हजार मैलांवर येऊन, कोणी ओळखत नाही अशा गावात ते धाडस झालं, आणि ही पोर ते मानेवाड्याच्या घरात बसून, बापासमोर करायला निघाली आहे.

दादा, हा लेख आधी तुला पाठवते आहे, मग ग्रुपवर. तू वर्षभरातल्या नर्सबद्दल लिहिलंस, ती मी. बाबांच्या पोटरीखालचा टॉवेल आठवतो? डिस्चार्जनंतर घरी तीन आठवडे तो रोज मी ठेवत होते, आणि तू म्हणायचास, "तुले बरं जमते बा हे." साडेसातला माझा हँडओव्हर संपतो, तुझे संध्याकाळचे सहा झालेले असतील. फोन कर. पोरीलाही जवळ बसव.