खुलासा: क्योटोतल्या रोबोटने भिक्खूचं चीवर (वस्त्र) घेतलेलं नाही

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय: ‘जपानमध्ये रोबोट भिक्खू झाला, स्वतः विचार करून धम्म सांगतो.’ फोटो खरा, मजकूर चुकीचा. क्योटोच्या कोदाइजी मंदिरात २०१९ साली आलेला ‘मिंदार’ भिक्खू नाही. ते कन्नोनचं, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याचं यंत्ररूप. हृदयसूत्र या बौद्ध सूत्रावरचं त्याचं प्रवचन माणसांनी आधीच लिहून भरलेलं होतं.

शिवाय उपसंपदेच्या, म्हणजे भिक्खू म्हणून संघात घेण्याच्या वेळी विचारतात, ‘मनुस्सोसि?’, माणूस आहेस ना? यंत्र इथेच अडतं. ‘पाप-पुण्यही रोबोटचंच’ हे त्याच मेसेजमधलं वाक्य तर उलटंच. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूलाच कर्म म्हटलंय. यंत्रात ती नसेल, तर हिशेब बनवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या नावावर.