कायम जागा कोणाला?

जर्मनीतल्या प्राध्यापकांमध्ये स्त्रिया २८ टक्के, हा २०२२ च्या अखेरचा आकडा. भारतात उच्चशिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये शिक्षकांमध्ये स्त्रिया ४३ टक्क्यांहून थोड्या जास्त. हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून महाराष्ट्रातले माझे जुने सहकारी म्हणतात, ‘आपण तुमच्यापुढे आहोत, आता हा विषय पुरे.’ मी आधी महाराष्ट्रात शिकवलं, आता इथे जर्मनीतल्या विद्यापीठात काम करते. मला हे पटत नाही.

मुळात हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या लोकांचे आहेत. इथले २८ टक्के म्हणजे फक्त वरची पायरी, ज्यांना ‘प्रोफेसर’ म्हणतात तेवढेच. आपल्या ४३ टक्क्यांत विद्यापीठाच्या विभागप्रमुखापासून कॉलेजातल्या तात्पुरत्या शिक्षकापर्यंत सगळे येतात. पदनिहाय तक्ते त्याच अहवालात असतात, पण चर्चेत येते ती फक्त बेरीज.

महाराष्ट्रातली माझी एक मैत्रीण नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) आणि पीएचडी होऊनही कित्येक वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. जूनमध्ये मुलाखत, उन्हाळा आला की काम संपलं. पैसे घेतलेल्या तासांचे. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, पेपर तपासणं, स्नेहसंमेलन हे सगळं करायचं, पण ते तासांत धरत नाहीत. बाळंतपणात तिचं एक सत्र गेलं आणि पुढच्या जूनमध्ये तिच्या तासांवर दुसऱ्याचं नाव लागलं. स्टाफरूममध्ये तिला ऐकवलं गेलं, ‘मिस्टरांना नोकरी आहे ना, मग तुम्हाला कसली घाई?’ मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं. भरती रखडली की पुरुषही भरडले जातात, हे खरं. पण थांबायला सांगितलं जातं ते आधी बाईला.

जर्मनीला मोठेपणा द्यायचा नाही. इरावती कर्वे १९२० च्या दशकात बर्लिनला पीएचडीसाठी आल्या, तेव्हा इथल्या विद्यापीठांत स्वतंत्रपणे शिकवायचा हक्क स्त्रियांना मिळून दहा वर्षंही झाली नव्हती. पूर्ण प्राध्यापकपद मिळालेली पहिली स्त्री १९२३ ची. आजही पीएचडी करणाऱ्यांत मुली निम्म्याच्या जवळपास असतात. त्यानंतर साधारण सहा वर्षांत कायम जागा मिळाली नाही, तर कंत्राटाची कायदेशीर मुदतच संपत येते. ही वर्षं नेमकी मुलं होण्याची. मुलामागे मुदत वाढू शकते, पण तरीही चांगल्या बायका इथून कंपन्यांत निघून जातात.

मला इथलं घ्यावंसं वाटतं ते निवडीचं काम. प्राध्यापक नेमणाऱ्या समितीबरोबर समानता अधिकारी बसते. अर्ज किती बायकांचे, बोलावल्या किती, शेवटच्या यादीत किती, हे ती टप्प्याटप्प्याने विचारते. पाच बायकांनी अर्ज केले आणि त्यांतली एकही मुलाखतीला नसेल, तर कारण कागदावर द्यावं लागतं. २००८ पासून केंद्र आणि राज्यं मिळून प्राध्यापिका नेमणाऱ्या विद्यापीठांना पाच वर्षांपर्यंत त्या जागेसाठी पैसा देतात, मात्र आधी विद्यापीठाचा समानता आराखडा मंजूर व्हावा लागतो. हे सगळं असूनही २०२२ च्या अखेरीस आकडा २८ च होता. नसतं तर काय झालं असतं?

भारतात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत निवड समितीसाठी एक तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, दिव्यांग यांपैकी कुणी उमेदवार असेल आणि समितीत त्या गटातलं कुणी नसेल, तर कुलगुरूंनी एका अध्यापकाला नेमायचं. इतक्या साऱ्यांच्या वतीने एक खुर्ची! आणि त्या खुर्चीवरच्या व्यक्तीने काय विचारलं, काय नोंदवलं, ते बाहेर कुणालाच कळत नाही.

महाराष्ट्रात पुढची भरती निघेल तेव्हा प्रत्येक विद्यापीठाने तीन रकाने जाहीर करावेत: किती बायकांनी अर्ज केले, किती मुलाखतीला आल्या, किती कायम झाल्या. आणि सीएचबीवर किती आहेत, तो चौथा. त्याला वेगळा कायदा लागत नाही, अर्ज विद्यापीठाकडेच असतात.