मूठमातीआधी चौकशी कशाला?

नागपुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या सभासदांत, सध्या कडाक्याचा वाद चालू आहे. तिथल्या एका तरुणाने आत्महत्या केली. शवपेटी चर्चमध्ये आणू द्या, अशी घरच्यांची विनंती होती. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींनी ती नाकारली. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) कबरस्तानात जाऊन छोटी प्रार्थना करावी आणि चर्चची घंटा वाजू नये, असं ठरलं. माती देऊन झाली, पण वाद थांबलेला नाही. माझे नातेवाईक दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे इंग्लंडमध्ये ड्युटीवरून घरी आले की मला तेच वाचायला मिळतं. एक बाजू म्हणते, जीव देवाने दिला, तो घेण्याचा हक्क माणसाला नाही. शिस्त सोडली तर मंडळी राहणार नाही. दुसऱ्या बाजूने माझ्या मावशीने एवढंच विचारलं, मग त्याच्या आईने येत्या रविवारी प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, कसं यायचं?

मी मावशीच्या बाजूची आहे.

हा नियम प्रभूने दिलेला नाही. स्वतःच्या तलवारीवर पडून मेलेल्या, बायबलमधल्या शौल राजाची कथा आपण संडे स्कूलमध्ये शिकलो. याबेश गिलाद या गावचे लोक रात्रभर चालत गेले, शत्रूने भिंतीवर टांगलेलं त्याचं प्रेत काढून आणलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. तो कसा मेला, हे त्यांनी विचारलं नाही. शौलानंतर राजा झालेल्या दावीदाला हे कळलं तेव्हा त्याने त्यांना आशीर्वाद दिला. शौलावर त्यांनी दया केली, हेच त्याने आशीर्वादाचं कारण सांगितलं.

अंत्यविधी नाकारायची रीत चर्चमध्ये पुढे काही शतकांनी रुजली. इंग्लंडच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात तर स्पष्ट लिहिलं होतं की बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि स्वतःचा जीव घेतलेले यांच्यासाठी दफनविधी वाचू नये. अँग्लिकन चर्च जिथे जिथे गेलं तिथे हे पुस्तकही गेलं. नागपूरच्या सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल त्याच परंपरेतलं.

त्या पुस्तकाच्या देशात मात्र नियम पायरीपायरीने ढिला होत गेला. पूर्वी इथे अशा माणसाला चव्हाट्यावर पुरत. 1823 च्या कायद्याने ते थांबलं, तरी दफन रात्री नऊ ते बारा याच वेळात आणि विधीविना करावं लागे. 1882 मध्ये वेळेची अट गेली, 1961 मध्ये आत्महत्या हा गुन्हा राहिला नाही. चर्च ऑफ इंग्लंडने आपला नियम बदलला तो थेट 2017 मध्ये; अनेक पाळक त्याआधीच गाजावाजा न करता पूर्ण विधी करत होते. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायद्यातही ही बंदी उरलेली नाही. म्हणजे नागपुरात आपण जे सनातन म्हणून जपतो आहोत, ते ज्यांनी आणलं त्यांनीच सोडून दिलं आहे.

इंग्लंड थोर आणि आपण मागास, असं मी म्हणत नाही. इथे नियम मऊ झाले, पण माणसं विरळ झाली. मी वॉर्डात काम करते, आणि ज्यांच्यामागे कोणीच नाही अशांचा अंत्यविधी नगरपालिकेला करावा लागताना पाहिलं आहे. नागपुरात असं सहसा होत नाही. त्या तरुणाच्या घरी शेजारच्या बौद्ध आणि हिंदू बायांनी स्वयंपाक पोचवला, मोहल्ला मातीला गेला. दया आपल्याकडे भरपूर आहे. ती चर्चच्या पायरीशी अडली, याचं मला फार वाईट वाटतं.

विदर्भाच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याने जीव दिला की सरकारी समिती बसते, कागद पाहते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरलं तर एक लाख. अपात्र हा शिक्का विधवेला किती लागतो, हे आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. सरकारला पैसे द्यायचे असतात, म्हणून ते चौकशी करतं. मंडळीने ती कशासाठी करायची?

तरुणांना चुकीचा संदेश जाईल, ही वडीलमंडळींची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मृत्यूचं उदात्तीकरण नको, प्रवचनात तो सुटकेचा मार्ग म्हणून रंगवला जाऊ नये, हे मलाही पटतं. पण बंद दाराने कोणी वाचत नाही. ज्याच्या मनात असले विचार येतात, तो हे सगळं बघत असतो. मेल्यावरही इथे आपल्याला जागा नाही, हे कळलेला मुलगा जिवंतपणी पाळकांकडे मन मोकळं करायला येईल का? भारतीय कायद्यानेसुद्धा 2017 मध्ये मानलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं. 14416 ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची हेल्पलाइन 2022 पासून चालू आहे. तो नंबर चर्चच्या फलकावर उपासनेच्या वेळेशेजारी लावता येईल.

आणि नागपूरच्या चर्चला नियम सैल करणं नवं नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाप्तिस्मा बाळपणी द्यावा की समजत्या वयात, यावर शतकानुशतकं भांडलेल्यांनी दोन्ही रीती स्वीकारल्या. शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही, हे वाक्य त्या सगळ्यांच्या शुभवर्तमानात एकच होतं.

वडीलमंडळींना मी पत्र लिहिलं आहे. मृत्यू कसा झाला याची चौकशी करून दफनविधी ठरवू नये, असा ठराव करा. त्या घरी दर आठवड्याला मंडळीतल्या दोघांनी जावं आणि वर्षभर जावं. स्मरण-उपासना अजून व्हायची आहे. ती चर्चमध्ये घ्या, घंटा वाजवा, आणि त्याच्या आईला पुढच्या बाकावर बसवा.