टोल 'माफ' म्हणजे सगळ्यांना माफ नव्हे

टोल माफ झाला की ओपनस्ट्रीटमॅपवरची (कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या मुक्त नकाशावरची) टोलची खूण सरळ काढून टाका, असा सल्ला एका लेखात वाचला; तो मला पटला नाही. मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके घ्या: दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून तिथे हलक्या वाहनांना टोल नाही, पण ट्रकना माफी मिळाली नव्हती. खूण पुसली तर ट्रकवाल्याला रस्ता फुकट दिसणार. तशीच ठेवली तर या नकाशावर चालणाऱ्या ॲपमध्ये 'टोल टाळा' निवडलेल्या कारला मुलुंडहून ऐरोलीला जाताना ऐरोलीचा पूल सोडून ठाणे-कळवा-विटावा असा वळसा पडणार, आणि त्या वाटेवरची गर्दी काय असते ते ठाणेकरांना विचारा!

यावर सोय आहे. वाहनाच्या प्रकारानुसार टोलचा वेगळा टॅग (नकाशातल्या नोंदीला जोडलेली माहिती) देता येतो: कारला 'नाही', अवजड वाहनांना 'हो'. नाक्याचा बिंदू आणि रस्त्याचा तुकडा या दोन स्वतंत्र नोंदी असतात, तेव्हा दोन्ही तपासा. बदल जतन करताना माहिती कुठून घेतली तेही लिहा, म्हणजे पुढच्याला पडताळता येईल. आणि कृपा करून गुगल मॅप्सवरून उतरवू नका, परवान्यात ते बसत नाही. नाक्यावरचा फलक किंवा शासनाची अधिसूचना बघा.