भट्टी पेटवणार असाल, तर तिची धग दोन दिवस वापरा

काल, रविवारी, आमच्याकडे रोडगे (विस्तवात भाजायचे कणकेचे जाड गोळे) होते. सतरा माणसं जेवली. त्यातल्या पाच-सहा जणांनी तरी मागच्या अंगणातली भट्टी पाहून हात पुसता पुसता विचारलं, "आम्हालाही अशी बांधायची आहे, कोणाकडून करून घेतली? खर्च किती आला?" वाढायच्या गडबडीत मी प्रत्येकाला अर्धवट काहीतरी सांगितलं. रात्री त्याची रुखरुख लागली. अर्धवट माहितीवर भट्टी बांधली की काय होतं, ते मी स्वतः भोगलं आहे. म्हणून आज सगळं लिहिते. पोस्ट लांब होणार.

माझं म्हणणं आधीच सांगते. शेजाऱ्याच्या खिडकीपासून वीस-पंचवीस फुटांवर लाकूड जाळायचं, तर त्या लाकडाची धग शेवटपर्यंत वापरायची तयारी पाहिजे. शनिवारी चार पिझ्झे भाजले, फोटो काढले आणि भट्टीचं दार उघडं टाकून झोपलो, एवढ्यासाठी भट्टी बांधू नका. तेवढं काम गॅसवरचा लहान पिझ्झा ओव्हन करतो आणि धूरही होत नाही. रागाने नाही, कळकळीने सांगते आहे.

मी काटोलकडच्या खेड्यात वाढले. पावसाळ्यातलं ओलं जळतन, फुंकणी आणि पदराने पुसून पुसून लाल झालेले आईचे डोळे मी पाहिले आहेत. चुलीवरच्या चवीचं कौतुक ऐकलं की मला आधी ते डोळे आठवतात. शिवाय उघड्या चुलीची बरीचशी आच भांड्याच्या बाजूने वर निघून जाते. भट्टीत आधी जाळ विटांना तापवतो आणि मग विटा अन्नाला भाजतात. जाळ दोन-तीन तासांचा, भाजणं-शिजवणं दोन दिवसांचं. मला लाकडाची भट्टी पटली ती याच एका गोष्टीसाठी.

मात्र त्यासाठी विटांतली धग विटांत राहिली पाहिजे. माझ्या पहिल्या भट्टीत ती राहत नव्हती.

ती भट्टी २०२२ च्या हिवाळ्यात एका कंत्राटदाराकडून बांधून घेतली होती. दिसायला देखणी होती. पहिल्या दिवशी भरपूर जाळ केला, पिझ्झा आत सरकवला, तर वरून करपला आणि खालून पांढराच. कणीक बोटाला चिकटत होती. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. दोन महिने मी मैद्याला आणि यीस्टला दोष देत होते. मग एकदा जाळ चालू असताना खालच्या कप्प्यातून लाकूड काढायला वाकले आणि आधारासाठी वरच्या स्लॅबला हात टेकला. चटकन मागे घ्यावा लागला, इतका तो तापला होता. तळाच्या विटा थेट काँक्रीटवर मांडल्या होत्या, मधे काही म्हणजे काही नव्हतं. माझी निम्मी लाकडं पाच इंचांचा स्लॅब तापवण्यात जात होती. घुमटावरही तसंच, विटेवर सरळ सिमेंटचं प्लास्टर. साधं सिमेंट तीनशे डिग्रीच्या पुढे जीव सोडत जातं. आतले सांधे नखाने खरवडले तरी झडत होते. कंत्राटदाराला दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी करत नाही."

त्यात आमचा प्लॉट काळ्या मातीचा. नागपुरात ज्यांची घरं काळ्या मातीवर आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात भेगेत हात जातो आणि दोन-चार मोठे पाऊस झाले की तीच माती फुगून अंगणातली फरशी उचलते. भट्टी म्हणजे स्लॅब धरून दीड-दोन टनांचं ओझं, आणि पाया होता जेमतेम फूटभर. जुलैत दाराच्या कमानीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंत चीर गेली, करंगळी जाईल एवढी. दिवाळीनंतर भट्टी पाडली. पाडताना मी अंगणात थांबले नाही.

दुसरी बांधली ती भंडाऱ्याकडच्या एका मिस्त्रीने. मी त्याच्यासमोर घुमटाचे फोटो ठेवले. त्याने ते बाजूला सारले. "ताई, वरचं मंग पाहू. आधी खाली काय हाय ते पाहू द्या." कुदळीने खड्डा घेतला, साडेतीन फुटांवर पिवळा मुरूम लागला. तिथपर्यंतची काळी माती सगळी काढली. मुरूम भरला, थराथराने पाणी मारून कुटला, वर बोल्डरचं सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), त्यावर सळ्यांचा स्लॅब, आणि सगळं घराच्या पायापासून सुटं. या कामात चार दिवस गेले आणि चार दिवसांनंतर दिसायला काहीच नव्हतं. पण कोणी मला विचारलं की पैसे कुठे घालू, तर मी याच चार दिवसांकडे बोट दाखवेन. काळ्या मातीवर राहत असाल तर इथे काटकसर करू नका.

दुसरा पैसा धग अडवण्यावर. मी इंटरनेटवरून व्हर्मिक्युलाइट, सिरॅमिक ब्लँकेट अशी यादी काढली होती. मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडं राइस मिलच्या मांगं धानाच्या तुसाची राख पडली रायते. तिच्यावर इंगळ ठेवला तरी खालून हाताले लागत नाही." मी शोधलं तर त्याचं म्हणणं खरं निघालं. ही राख बहुतांश सिलिका असते, कण पोकळ असतात आणि त्यांच्यात हवा अडकलेली असते. पोलादाच्या कारखान्यांत वितळलेला धातू निवू नये म्हणून त्यावर हीच राख पसरतात. आपल्या पूर्व विदर्भात धान पिकतं, गिरण्या आहेत, आणि मी मात्र भट्टीसाठी बाहेरून पोती मागवायला निघाले होते!

दहा पोती राख आली. चिकणमातीच्या पातळ राड्यात जेमतेम बांधली जाईल इतकी कालवली आणि तळाच्या विटांखाली चार इंचांचा थर दिला. घुमटावर एक इंची सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर, त्यावर पुन्हा राखेचा चार इंचांचा जाड लेप. इथे एक काळजी घ्या. ही राख कालवताना आणि फायरब्रिक (जाळ सोसणारी वीट) कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते. रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क मिस्त्रीलाही द्या, त्याच्या मदतनीसालाही द्या, आणि वीट ओली करूनच कापायला लावा. ती माणसं आपल्यासाठी काम करत असतात.

मापं हवी असतील त्यांच्यासाठी: घुमट आतून ३६ इंच रुंद, १८ इंच उंच, आणि दार साडेअकरा इंच. दाराची उंची घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवतात. जास्त झाली की धग पळते, फार कमी झाली की हवा आत येत नाही आणि जाळ गुदमरतो. धुराडं घुमटाच्या माथ्यावर नसतं, दाराच्या वर, पुढे असतं. विटा ९ × ४½ × ३ इंचांच्या फायरब्रिक. सांध्याला तीन भाग चाळलेली बारीक रेती आणि चुना, फायरक्ले, सिमेंट एकेक भाग. सिमेंट सुरुवातीला धरतं, पुढे ते जळालं तरी चुना आणि फायरक्ले सांधा सांभाळतात. खर्च सत्तर हजारांच्या आत बसला. पाडलेल्या भट्टीचे पैसे त्यात धरलेले नाहीत.

बांधून झाल्यावर लगेच जाळ करू नका. सांध्यांत आणि लेपात खूप पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते आणि ती जागा ती चिरा पाडून मिळवते. आम्ही महिनाभर भट्टी नुसती सावलीत सुकू दिली, मग सात दिवस रोज थोडी थोडी आग. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, शंभर डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग रोज पन्नास-साठ डिग्री चढवत नेलं. मिस्त्री रोज संध्याकाळी फोन करून आकडा विचारायचा. सातव्या दिवशी घुमट आतून काजळीने काळाकुट्ट झाला होता. लाकूड घालत राहिलो. साडेतीनशेच्या पुढे गेल्यावर माथ्याला रुपयाएवढा पांढरा ठिपका उमटला. काजळीच जळून चालली होती. ठिपका ताटाएवढा झाला, मग खाली सरकत सरकत दहा-बारा मिनिटांत सगळा घुमट पुन्हा विटेच्या मूळ रंगाचा. आम्ही दोघं दाराशी उकिडवे बसून बघत होतो. बाहेर घुमटाच्या पाठीवर हात ठेवला तर नुसता कोमट. तेव्हा माझे डोळे भरून आले.

आता आमचा क्रम असा. महिन्यातून दोनदा, शनिवारी दुपारी एकला पेटवते. चौदा-पंधरा किलो लाकूड लागतं. चारच्या सुमारास तळ सव्वाचारशेला जातो. नेपल्सकडच्या पद्धतीचा पिझ्झा या आचेवर ६० ते ९० सेकंदांत होतो आणि मुलं तो आवडीने खातात, मीही खाते. पण खरा दिवस तिथून सुरू होतो. वांगी निखाऱ्याजवळ लावायची, भरीत होतं. हरभऱ्याच्या टहाळाचा होळा होतो. मग निखारे बाहेर ओढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा, दार लावायचं, आणि रात्री अडीचशेवर पाव भाजायचा. दार पुन्हा बंद. रविवारी सकाळी दहाला तपासलं तर दोनशे पंधरा-वीस.

काल सतरा जणांचे रोडगे भाजले ते त्यावर. जाडसर कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, एकात एक पदर भरून वळलेले. एक पाहुणे भट्टीत डोकावून म्हणाले, "जाळ कुठाय?" जाळ आदल्या दिवशीच विझला होता. चाळीस मिनिटांत रोडगे तांबूस झाले, फोडले तर पदर सुटत होते, वर तुपाची धार आणि वांग्याची भाजी. सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांनी आयुष्यभर शेतात मारोतीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले. खाऊन म्हणाल्या, "गोवरीची चव नाही. पण एकही कच्चा नाही हो." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोवरीची चव या भट्टीत येत नाही, तशी आशा ठेवून बांधू नका.

रविवारी संध्याकाळी एकशे साठवर शेंगदाणे, मग आधी भिजवलेला राजमा मातीच्या मडक्यात रात्रभर शिजायला.

आता धुराचं. हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या शेजारच्या काकूंना दमा आहे. दुसरी भट्टी बांधण्याआधी मी त्यांच्याकडे जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "बांध, पण त्रास झाला की मी सांगेन." आणि एकदा सांगितलं. जानेवारीतली संध्याकाळ होती, मी सातला पेटवली होती. हिवाळ्यात सूर्य गेला की जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वरची तिच्यापेक्षा उबदार असते, आणि धूर वर जाण्याऐवजी भिंतीच्या उंचीवर आडवा पसरतो. तो सरळ त्यांच्या खिडकीत गेला. त्यांचा फोन आला, मी जाळ ओढून काढला, पाहुण्यांना कुकरचा वरण-भात वाढला. तेव्हापासून दुपारी एकच. ऊन असताना हवा वर उठत असते, धूर तिच्याबरोबर जातो. जाळही वरून पेटवते: मोठी लाकडं खाली, काटक्या वर. खालून पेटवलं की वरची लाकडं अर्धा तास नुसती धुमसतात. आणि काकूंना सकाळीच फोन करते. त्या नाही म्हणाल्या तर त्या शनिवारी भट्टी नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तेव्हा एका मैत्रिणीने मला विचारलं, मग तुझं काय? प्रश्न योग्य आहे. बेकरीची भट्टी रोज पेटते आणि माझी महिन्यातून दोनदा, हे खरं असलं तरी तेवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मी दर पेटवण्यामागे किती जेवणं निघाली ते वहीत लिहिते. या वेळी आत्तापर्यंत चाळीसच्या वर गेली आहेत. ज्या महिन्यांत तेवढं करणं जमत नाही तेव्हा पेटवत नाही. एप्रिल ते जून तर नाहीच. ज्या नागपुरात पारा ४७.९ पर्यंत गेलेला आहे (२३ मे २०१३), तिथे उन्हाळ्यात आणखी आग कशाला.

लाकूड म्हणाल तर टालीवरची (लाकडाच्या वखारीतली) बाभूळ, आणि काटोलकडे नातेवाइकांनी जुनी बाग काढली तेव्हाची संत्र्याची खोडं. फोडून, पत्र्याखाली वर्षभर वाळवलेली. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजले पाहिजेत, बद्द आवाज आला तर परत ठेवा. प्लायवुड, सनमायका, रंगवलेली चौकट कधीही आत टाकू नका, ते विष अन्नात जातं. आणि अंगणातलं झाड भट्टीसाठी तोडू नका. शहरात १९७५ च्या कायद्याने त्याला परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरीही तोडू नका.

आज सोमवार, संध्याकाळचे सात. आत्ताच तपासलं, भट्टीत ७२ डिग्री आहे. काकूंनी दुपारी दोन परात संत्र्याच्या साली पाठवल्या, उटण्यासाठी वाळवायला. त्या आत ठेवल्या आहेत, दार बोटभर किलकिलं ठेवलं आहे, ओल बाहेर पडायला. ज्यांना बांधायची आहे त्यांनी पंधरा दिवसांनी, पुढच्या पेटवणीच्या शनिवारी, एक वाजता या, पेटवण्यापासून बघा. आणि रविवारी सकाळी पुन्हा या, आपापली भिजवलेली कणीक घेऊन.