चार वाजताचं ऊन

सकाळी सकाळी मित्राचा मेसेज. "घराचा तयार प्लॅन घेतला रे ऑनलाइन. एकदम भारी! परवा लाईन-आउट, प्लॉटवर घराची आखणी." सोबत थ्रीडी चित्र. पुढे हिरवळ, मागे निळं आकाश आणि जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट. याचा प्लॉट मी पाहिलाय. पुढून मागे चांगला तीन फूट उतार आहे. चित्रातल्या मागच्या दारातून हा पठ्ठ्या पाय टाकणार कुठे, हवेत?

चिडलोय, कारण हेच सगळं मी करून बसलोय.

आम्हीही असाच प्लॅन घेतला होता. त्यात स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. गेट दुसऱ्या बाजूला हवं होतं, म्हणून प्लॅन आरशातल्यासारखा उलटा करून घेतला. एका क्लिकचं काम! गाडी झकास लागली आणि खिडकी गेली पश्चिमेला. घरात सहा माणसं, एकाच्याही लक्षात आलं नाही. आईच्या आलं, पहिल्याच उन्हाळ्यात. दुपारी चारला ओट्यापाशी उभं राहवेना. छज्जा वाढवला. डोक्यावरचं ऊन छज्जा अडवतो हो, मावळतीचं आडवं येतं, छज्ज्याखालून थेट डोळ्यांत. शेवटी आईने खिडकीला जुनी चादर बांधली.

मान्य, तयार प्लॅन स्वस्त पडतो. प्लॉट सपाट, चौकोनी आणि गरजा चारचौघांसारख्या असतील तर चालूनही जाईल. पण मग "अगदी आमच्या मनासारखं घर" हे कौतुक कशाला? आणि "थोडे बदल करून घेऊ" म्हणणाऱ्यांनो, भार पेलणारी एक भिंत सरकवा, मग बीम, कॉलम, पाइप सगळ्यांची फेरमांडणी. पायाचं तर बोलायलाच नको. प्लॅन काढणाऱ्याने तुमची माती बघितलीय का? पाया किती खोल, हे मातीच ठरवते ना!

असो. राग खरा स्वतःवरच आहे. आर्किटेक्टची फी वाचवली म्हणून महिनाभर मिरवत होतो मी. कोणी जाणता माणूस प्लॉटवर अर्धा तास उभा राहिला असता, तरी म्हणाला असता, "अहो, ऊन इकडून येणार." आई एका शब्दाने बोलली नाही कधी. दर उन्हाळ्यात चादर बांधते, उन्हाळा सरला की सोडते, धुऊन घडी घालून ठेवते.

मित्राला एवढंच लिहिलं, "आज चार वाजता प्लॉटवर जा आणि तुझं स्वयंपाकघर येतंय तिथे दहा मिनिटं उभा राहा."

त्याने अंगठा पाठवलाय. आता याचा अर्थ काय घ्यायचा?