‘ट्रान्सफर म्हणजे मागचं दार’: एका फॉरवर्डला एक्झाम सेक्शनच्या काउंटरवरून उत्तर

सेकंड पीयूसीचा, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. एकदा माहेरच्या ग्रुपवर, एकदा गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर, एकदा निपाणीच्या मावसभावाकडून. चौथ्यांदा कॉलेजात, काउंटरच्या काचेपलीकडून खानापूरकडच्या एका वडिलांनी मोबाइल काचेला टेकवून दाखवला तेव्हा. मेसेज थोडक्यात असा:

‘मार्क कमी पडले म्हणून रडू नका. मिळेल त्या कॉलेजात एक वर्ष काढा आणि अमेरिकेच्या टॉप युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्या. तिथं चारातल्या एकाला घेतात. बारावीचे मार्क कोणी विचारत नाही. सगळे क्रेडिट धरतात, वर्ष वाया जात नाही. फी स्कॉलरशिपमध्ये सुटते. हे मागचं दार आहे, आपल्या लोकांना माहीत नाही. एप्रिल संपेपर्यंत उत्तर आलं नाही तर नाव गेलं समजा.’ खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त मराठी मुलांपर्यंत पोचवा’.

मी बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एक्झाम सेक्शनला आहे, बावीस वर्षं. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमच्या मार्कांचा अधिकृत उतारा, काढायचं, पाकिटात घालायचं, चिकटवलेल्या तोंडावर आडवा शिक्का मारायचा, हे माझं काम. त्यात माझा भाचा, वडगावच्या भावाचा मुलगा, गेल्या नोव्हेंबरपासून हाच उद्योग करतोय. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे प्रकरण बघितलंय. मेसेज लिहिणाऱ्यानं एकही बाजू बघितलेली दिसत नाही.

‘चारातल्या एकाला घेतात.’ हा आकडा हवेतला नाही, म्हणून जास्त घातक. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या (यूसीच्या) लॉस एंजेलिस कॅम्पसला, म्हणजे यूसीएलएला, ट्रान्सफरचे जे अर्ज येतात त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला प्रवेश मिळतो. बारावीनंतर थेट जाणाऱ्यांत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आहे. बघणाऱ्याला वाटणारच, की हे दार सताड उघडं आहे. पण आत जाणारे कोण ते बघा की. कॅलिफोर्निया राज्यात ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत. दोन वर्षं तिथं शिकायचं आणि तिसऱ्या वर्षाला यूसीत जायचं, अशी ती राज्यानं मुद्दाम आखलेली वाट आहे. यूसीत ट्रान्सफरनं जाणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं याच कॉलेजांतून येतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस तर ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की प्रवेशाची लेखी हमी देतात. तीही फक्त या कम्युनिटी कॉलेजांच्या मुलांना. बर्कली, यूसीएलए आणि सँडिएगो ती हमीसुद्धा देत नाहीत.

आपल्याकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळी वाट ठेवलेली आहे, हे आपल्याला घरोघर ठाऊक आहे. आता समजा, त्या वाटेनं गेलेल्या मुलांचे आकडे वाचून नागपूरचा पोरगा म्हणाला, ‘अरे वा, फार सोपं आहे, मीही तिथूनच भरतो.’ काय म्हणाल त्याला? बेळगावातून यूसीच्या चौथ्या हिश्श्यावर डोळा ठेवणारा पोरगा तसाच आहे.

आणि ‘टॉप’ म्हणून मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुधा जी नावं आहेत, तिथली गत वेगळीच. प्रिन्स्टननं १९९० नंतर ट्रान्सफर घेणंच बंद केलं होतं. २०१८ साली परत सुरू केलं तेव्हा १४२९ अर्ज आले आणि जागा देऊ केली १३ जणांना. आमच्या कॉलेजात एका वर्गात बॅक राहिलेली पोरं याहून जास्त असतात. कॉर्नेलसारखं एखादं मोठं विद्यापीठ शेकड्यांनी ट्रान्सफर घेतं, हेही खरं. म्हणजे जाणारच नाही असं मी म्हणत नाही. पण मागचं दार म्हणतात ते शोधत गेलात तर बऱ्याच ठिकाणी ते पुढच्या दारापेक्षा अरुंद निघतं.

‘एक वर्ष काढा.’ यातला ‘काढा’ हा शब्दच मला खुपतो, पण ते असूदे. यूसीला एक वर्ष चालतच नाही. त्यांना दोन वर्षांचा अभ्यास लागतो, ६० सेमिस्टर युनिट (म्हणजे क्रेडिटच), आणि प्रवेश थेट तिसऱ्या वर्षाला. हार्वर्डला किमान एक वर्ष पुरतं, पण दोनपेक्षा जास्त झालेलं चालत नाही, आणि उरलेली किमान दोन वर्षं त्यांच्याकडेच काढावी लागतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणचं गणित निराळं आणि मेसेजमध्ये सगळ्यांना एकच फूटपट्टी.

‘बारावीचे मार्क कोणी विचारत नाही.’ विचारतात ओ. कॉलेजचं एकच वर्ष झालेलं असेल तर बघायला दुसरं आहेच काय त्यांच्याकडे? एका सेमचं मार्क्स कार्ड हातात आणि दुसरं सेम चालू. मग साहजिकच ते मागं वळून पीयूसी आणि एसएसएलसी, म्हणजे दहावी, बघतात. दोन वर्षं झाली की शाळेचं वजन कमी होतं, आणि मग सगळा भार इथल्या सेमवर येतो. ‘मिळेल त्या कॉलेजात कसंही काढलेलं वर्ष’ तिथं पहिल्या पानावर छापून जातं. यूसी एसएटी ही अमेरिकेतली प्रवेशपरीक्षा बघत नाही, तेवढा दिलासा.

आता ‘सगळे क्रेडिट धरतात’. इथं मी जरा बसणार आहे, कारण ही माझी भाजी-भाकरी आहे.

क्रेडिट म्हणजे पास केलेल्या विषयाचं वजन मोजायचं माप. ती पन्नासाची नोट नव्हे, की कुठल्याही दुकानात चालावी. व्हीटीयूच्या, म्हणजे आमचं कॉलेज जिच्याखाली येतं त्या युनिव्हर्सिटीच्या, चालू स्कीममध्ये सेमला सरासरी २० क्रेडिट, चार वर्षांत १६०. अमेरिकेत साधारण सेमिस्टरला १५, पदवीला १२०. भाच्यानं पहिल्या दिवशी हिशेब मांडला होता, ‘आत्या, माझी तीन सेमची साठ झाली की.’ तीन सेमची साठ त्यांच्याही हिशेबात साठच धरतील, असं कुणी लिहून दिलेलं नाही. आपली क्रेडिट त्यांच्या मापात बसवताना ती कमी होतात. पुन्हा प्रत्येक विषय वेगळा तपासतात. सिलॅबस मागतात, किती तास, कुठलं पुस्तक, प्रॅक्टिकल होतं काय. दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीसाठी त्यानं मला सत्तावीस पानांचा सिलॅबस आणून दिला. प्रत्येक पानावर शिक्का आणि सही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी शिक्के मारत होते, शाईचा पॅड वाळलेला, तेराव्या पानापासून नुसता गोल वर्तुळाचा भास. परत पहिल्यापासून.

निकाल असा, की मॅथ्स धरलं, फिजिक्स धरलं, प्रोग्रॅमिंग ‘बघू’ म्हणाले. इंजिनिअरिंगचे दोन लहान पेपर सोडून दिले. आणि कन्नडचा एक क्रेडिटचा पेपर परदेशी भाषा म्हणून पकडला! ज्या भाषेच्या पाट्यांवरून आमच्या गावात बसच्या काचा फुटतात, ती तिथं कुणाच्या तरी टेबलावर निमूटपणे ‘फॉरेन लँग्वेज’ होऊन बसली. भाऊ हे ऐकून इतका हसला की चहा सांडला.

कागदांचा आणखी एक भाग आहे, जो मेसेजमध्ये कधीच नसतो. यूसीला अर्जाच्या वेळी माझं पाकीट लागतच नाही. मुलानं विषय आणि ग्रेड स्वतः भरायचे, खरं ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर. भरताना चूक केली तर ती तेव्हा सापडते, म्हणजे आलेला प्रवेश हातचा जायची वेळ. जानेवारी संपायच्या आत नवे मार्क भरा म्हणतात, आणि आमच्या परीक्षा कधी कधी जानेवारीतच संपतात. तेव्हा ‘निकाल बाकी’ असं स्पष्ट लिहायचं, अंदाजानं आकडा घालायचा नाही.

इतर बऱ्याच युनिव्हर्सिटी मिड-टर्म रिपोर्ट मागतात. चालू सेममध्ये मुलगा कसा चाललाय ते प्रत्येक विषयाच्या सरांनी भरून सही करायची. भाचा तो फॉर्म घेऊन मार्चमध्ये एका सरांकडे गेला. सर म्हणाले, ‘टीसी पाहिजे काय? ऑफिसात जा.’ ‘टीसी नको ओ सर, ट्रान्सफरचा फॉर्म आहे.’ ‘तेच की रे.’ आमच्याकडे ट्रान्सफर म्हणजे टीसी, कॉलेज सोडल्याचा दाखला, दुसरा अर्थच नाही. शेवटी मी गेले. आपल्याकडे ग्रेड फायनल परीक्षेनंतर ठरतो, सध्या इंटर्नलला पन्नासापैकी इतके आहेत, असं कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून घेतलं, प्रिन्सिपॉलची सही घेतली. ते चाललं.

शिवाय नाव. मार्क्स कार्डावर सावंतला ‘व्ही’, पासपोर्टवर ‘डब्ल्यू’. एसएसएलसीला वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, पासपोर्टला मधोमध. अर्ज भरायच्या सहा महिने आधी हे जुळवा. डिसेंबरात माझ्या काउंटरवर येऊन रडून उपयोग नाही, दुरुस्ती माझ्या हातात नसते.

‘फी स्कॉलरशिपमध्ये सुटते.’ थोडक्यात सांगते. यूसी बाहेर देशातल्या विद्यार्थ्याला गरजेवर आधारलेली मदत देत नाही. उलट नेहमीच्या फीवर राज्याबाहेरच्यांची जादा फी लागते, ती एकटीच वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर. अर्जाची फी प्रत्येक कॅम्पससाठी स्वतंत्र भरायची. व्हिसासाठी आय-ट्वेंटी हा कागद हवा, तो मिळायला पहिल्या वर्षाचा खर्च बँकेत दाखवावा लागतो. काही श्रीमंत खासगी विद्यापीठं मदत करतात, पण ती तीच, जिथं चौदाशेतून तेरा जण घेतात. माग विकून, सोनं गहाण ठेवून ‘एक वर्ष तरी भरू, पुढचं पुढं’ म्हणणाऱ्या वडिलांना मी हात जोडून सांगितलंय, दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप आभाळातून पडत नाही.

राहिलं ‘एप्रिल संपला म्हणजे नाव गेलं’. साफ चूक. यूसीचे ट्रान्सफरचे निर्णय एप्रिलअखेरपर्यंत येतात आणि हो म्हणायला १ जूनपर्यंत मुदत असते. बरीच खासगी विद्यापीठं अर्जच मार्चमध्ये घेतात, त्यांची उत्तरं मेमध्ये, काहींची जूनमध्ये. पोर्टलवरचा रंग बदलला, पत्ता दिसायला लागला, अमक्याला मेल आला, यावरून काही कळत नाही. कळतं ते पत्र उघडल्यावर.

तिकडे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. भाच्याचा पहिला निर्णय त्याच वेळी आला. मी भावाच्या घरीच होते, वहिनीची तब्येत बरी नव्हती म्हणून. शेजारचा यंत्रमाग अजून सुरू झाला नव्हता. पोरगा जिन्यात बसून मोबाइल बघत होता, चेहऱ्यावर तेवढाच उजेड. वाचून झालं आणि त्यानं मोबाइल पायरीवर पालथा ठेवला. मी विचारलं नाही. जरा वेळानं म्हणाला, ‘दूध तापवू काय?’ दुसरा नकार पाच दिवसांनी, तेव्हा जिन्यातसुद्धा गेला नाही, अंथरुणातच बघितला.

याच वाट बघण्याच्या काळात आमच्याकडे सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती मेसेज करायला लावतो. ‘जाणारच आहे’ म्हणून पोरं इंटर्नल बुडवतात, ॲटेंडन्स कमी पडतो, आणि काही वडील तर आधीच टीसी काढायला येतात. खानापूरकडचे ते गृहस्थ त्यासाठीच आले होते. निर्णय हातात नाही आणि सीईटीची सीट सोडायला निघाले. सीट सोडली की ती परत मिळत नाही, आणि काही ठिकाणी उरलेल्या वर्षांची फी भरल्याशिवाय मूळ मार्क्स कार्डंही देत नाहीत. शिवाय प्रवेश मिळाला तरी तो चालू सेम नीट पास होण्याच्या अटीवर असतो. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, टीसीचा अर्ज दिला नाही. संध्याकाळी परत गेले. चिडूनच गेले बहुतेक.

भाच्याचं एक उत्तर अजून यायचंय. काल परीक्षा फी भरायची शेवटची तारीख होती. रांगेत सगळ्यांत शेवटी तो होता, मोबाइल खिशात. मी पावती लिहिली.

‘आत्या, समजा हो आलं, तर हे पैसे परत मिळतात काय?’

‘मिळत नाहीत,’ म्हटलं आणि शिक्का मारला.